चुंबकरोधी पातळ पटल संवेदकाद्वारे परिवलन कोनाचे मापन : कुलाबा वेधशाळेच्या स्थलांतराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

फिरणाऱ्या आसाचा कोन त्याला स्पर्श न करता मोजण्यासाठी चुंबकरोधी पातळ पटलांच्या संवेदकांचा वापर वाहने, यंत्रमानव आणि कारखान्यांतील यंत्रे यांत मोठ्या प्रमाणावर होतो. प्रस्तुत लेखात अशा संवेदकाच्या रचनेमागील तत्त्वे स्पष्ट केली आहेत. मापनाची अचूकता मुख्यतः एका गुणोत्तरावर अवलंबून असते : अनाहूत चुंबकीय क्षेत्र भागिले नियंत्रक चुंबकीय क्षेत्र. याच गुणोत्तरामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मापन अलिबागला हलवावे लागले. त्या घटनेच्या आधारे आधुनिक संवेदकाच्या रचनेतील निर्णय समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : चुंबकरोध, पातळ पटल, परिवलन कोन, अनाहूत क्षेत्र, कुलाबा वेधशाळा

१. प्रस्तावना

पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटरचा प्रयोग अनेक पिढ्यांनी केला आहे. होकायंत्राच्या सुईवर पृथ्वीचे क्षैतिज क्षेत्र कार्य करीत असते. त्याला काटकोनात दुसरे क्षेत्र आणले की सुई दोहोंच्या परिणामी दिशेला वळते आणि वळलेल्या कोनाची स्पर्शज्या ही त्या दोन क्षेत्रांच्या गुणोत्तराइतकी असते. विद्यार्थी हा नियम पाठ करतो, चुंबकाचे आघूर्ण काढतो आणि वही बंद करतो. मात्र हाच नियम उलट बाजूने वाचला तर तो एक इशारा ठरतो. चुंबकीय दिशा दाखविणाऱ्या कोणत्याही साधनाजवळ परके क्षेत्र आले, तर ते साधन तितक्याच प्रमाणात चुकीची दिशा दाखविणार.

परिवलन कोन मोजणारा चुंबकरोधी संवेदक हे असेच दिशा दाखविणारे साधन आहे. आसाच्या टोकाला एक छोटा चुंबक बसविलेला असतो. आस फिरला की चुंबकाचे क्षेत्र फिरते आणि समोर स्थिर असलेले पातळ पटल त्या क्षेत्राची दिशा विद्युतरोधाच्या रूपाने सांगते. सुईच्या जागी धातूचे पटल आले, दुर्बिणीच्या जागी व्होल्टमापक आला. परंतु स्पर्शज्येचा नियम तोच राहिला. हा नियम व्यवहारात किती मोठे परिणाम घडवू शकतो, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या दक्षिण टोकाला घडलेले आहे.

२. कुलाब्यातील कोनमापन

कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. आरंभी तिचा उद्देश खगोलीय वेध आणि बंदरातील जहाजांसाठी अचूक वेळ हा होता. चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी त्यांचा प्रारंभ केला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेची सूत्रे होती. पुढे गणितज्ञ म्हणून ख्याती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथेच निरीक्षणाचे काम केले. मराठीतील आधुनिक विज्ञानलेखनाच्या पहिल्या पिढीचा या चुंबकीय नोंदींशी असा प्रत्यक्ष संबंध आहे.

त्या काळी मापनाची पद्धत तत्त्वतः सोपी होती. एक चुंबक बारीक धाग्याने टांगलेला असे आणि त्याची दिशा दुर्बिणीतून प्रमाणपट्टीवर वाचली जाई. शांत दिवशी चुंबकाची दिशा दिवसभरात केवळ काही कला, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाच्या काही पट, इतकीच बदलते. या बारीक हालचालीतच पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युतप्रवाहांची माहिती दडलेली असते. २ सप्टेंबर १८५९ रोजीच्या चुंबकीय वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून घेतलेल्या नोंदींत क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटलेले दिसते. त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधण्यासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याच नोंदींचा आधार घेण्यात आला. निष्कलंक राखलेली नोंद जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही उपयोगी पडते, हे यावरून स्पष्ट होते.

३. ट्राम आणि सुई : एका गुणोत्तराचा हिशेब

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली. तिचा वेधशाळेला काहीच उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामची योजना पुढे आली तेव्हा मात्र प्रश्न निर्माण झाला. अशा ट्रामसाठी प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असेल तर दोहोंची क्षेत्रे दूर अंतरावर बहुतांशी एकमेकांना रद्द करतात. प्रत्यक्षात रुळांतील प्रवाहाचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि हे संतुलन बिघडते.

समजा, असा असंतुलित प्रवाह केवळ १० अँपिअर आहे आणि सुई तारेपासून १०० मीटर अंतरावर आहे. लांब सरळ तारेच्या सूत्रानुसार तेथील क्षेत्र २० नॅनोटेस्ला येते. मुंबईतील क्षैतिज क्षेत्र सुमारे ३८ मायक्रोटेस्ला, म्हणजे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. या दोहोंचे गुणोत्तर सुमारे ०.०००५ येते. कोनाच्या भाषेत ही त्रुटी जवळजवळ १.८ कला होते. ज्या दैनिक बदलाचा अभ्यास करावयाचा तोच काही कलांचा आणि प्रत्येक ट्रामगाडीबरोबर येणारी त्रुटीही त्याच मापाची, अशी ही स्थिती आहे. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले तरी धोक्याचे स्वरूप त्यांतून कळते.

येथे निरीक्षकाच्या हाती कोणता उपाय होता? गुणोत्तराचा छेद म्हणजे पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र. ते वाढविणे शक्य नव्हते, कारण तेच मोजावयाचे होते. लोखंडी कवच घालून सुईला झाकणेही शक्य नव्हते, कारण मग पृथ्वीचे क्षेत्रही झाकले गेले असते. एकच मार्ग उरला : अंतर वाढविणे. संचालक नानाभॉय आर्देशर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरी दगड वापरण्यात आला आणि लोखंडाच्या जागी तांबे, पितळ यांसारखे धातू योजण्यात आले. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याच्या निरीक्षणांचे संपादन व विश्लेषण १९१० मध्ये प्रसिद्ध केले.

ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. दादर टी.टी. या नावातील टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, एवढी तिची खूण आजही बोलण्यात उरली आहे. सुई आणि विद्युतप्रवाह यांचा संघर्ष मात्र संपलेला नाही. तो आता वाहनाच्या आत गेला आहे आणि तेथे संवेदकाला अलिबागला पाठविण्याची सोय नाही.

४. पटल कोन कसा ओळखते?

लोहचुंबकीय धातूचा विद्युतरोध चुंबकनाच्या दिशेनुसार बदलतो, हे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवाह आणि चुंबकन एकाच रेषेत असता रोध सर्वाधिक असतो, काटकोनात असता सर्वांत कमी. मधल्या स्थितीत रोधातील बदल कोनाच्या कोज्येच्या वर्गाप्रमाणे होतो. या परिणामास दिशानिर्भर चुंबकरोध अथवा ए.एम.आर. असे म्हणतात.

संवेदकासाठी सामान्यतः परमॅलॉय हा मिश्रधातू वापरतात. त्यात निकेल सुमारे ८१ टक्के आणि लोह १९ टक्के असते. हे प्रमाण निवडण्यामागे कारण आहे. या प्रमाणात चुंबकनामुळे होणारा लांबीतील बदल जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे पटलावर यांत्रिक ताण आला तरी त्याचे चुंबकीय गुणधर्म फारसे बिघडत नाहीत. पटलाची जाडी साधारणतः २० ते ५० नॅनोमीटर ठेवतात आणि रोधातील एकूण बदल २ ते ३ टक्के मिळतो.

कोज्येच्या वर्गामुळे एक मर्यादा मात्र येते. चुंबकाचे उत्तर व दक्षिण ध्रुव अदलाबदल केले तरी रोध तोच राहतो. म्हणून हा संवेदक १८० अंशांपर्यंतच कोन निःसंदिग्धपणे सांगतो. पूर्ण ३६० अंश ओळखण्यासाठी ध्रुवता सांगणारा हॉल संवेदक सोबत जोडावा लागतो.

५. पट्टीची आणि सेतूची रचना

५.१ पट्टीची रुंदी व जाडी

चुंबकीय क्षेत्राची दिशा आणि पटलातील चुंबकनाची दिशा एकच असली पाहिजे, ही या मापनाची मूळ अट आहे. परंतु अरुंद पट्टीत चुंबकनाचा कल पट्टीच्या लांबीकडे असतो. हा आकारजन्य कल ढोबळमानाने जाडी भागिले रुंदी या प्रमाणात असतो. परमॅलॉयचे संपृक्त चुंबकन सुमारे १ टेस्ला धरल्यास ३० नॅनोमीटर जाड व १० मायक्रोमीटर रुंद पट्टीत हे कलक्षेत्र सुमारे ३ मिलीटेस्ला येते. आसावरील चुंबकाचे क्षेत्र ४० मिलीटेस्ला असेल तर एकट्या पट्टीत चुंबकन कमाल २.१ अंशांनी मागे राहते. जाडी २० नॅनोमीटर व रुंदी २० मायक्रोमीटर केली तर कलक्षेत्र १ मिलीटेस्ला होते आणि त्रुटी ०.७ अंशांवर येते.

मग पट्टी हवी तितकी रुंद का करू नये? कारण रोध. ३० नॅनोमीटर परमॅलॉय पटलाच्या प्रत्येक चौरसाचा रोध सुमारे ६.७ ओहम असतो. सेतूच्या एका भुजेला ३ किलोओहम हवे असतील तर ४५० चौरस, म्हणजे १० मायक्रोमीटर रुंदीची ४.५ मिलीमीटर लांब पट्टी लागते. ती नागमोडी वळवून बसवितात. दुसऱ्या मापाच्या पट्टीला सुमारे ६ मिलीमीटर लांबी लागते आणि तिने व्यापलेले क्षेत्रफळ अडीच पटींहून अधिक होते. रोध कमी ठेवून जागा वाचवावी तर विजेचा खर्च व उष्णता वाढते. पटल फार पातळ करावे तर पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचे विकिरण वाढून चुंबकरोधच घटतो. म्हणून पट्टीचे माप हे नेहमीच तडजोडीतून ठरते.

५.२ दोन सेतू

चार पट्ट्या व्हीटस्टन सेतूत जोडल्या की तापमानामुळे सर्व भुजांत होणारा समान बदल रद्द होतो. एका सेतूचे उत्पन्न कोनाच्या दुपटीच्या ज्येप्रमाणे बदलते. त्याच तुकड्यावर दुसरा सेतू ४५ अंशांत वळवून बसविला, तर त्याचे उत्पन्न कोनाच्या दुपटीच्या कोज्येप्रमाणे मिळते. या दोन उत्पन्नांच्या गुणोत्तरावरून कोन काढतात. तापमान वाढले की दोन्ही उत्पन्ने एकाच प्रमाणात कमी होतात, परंतु गुणोत्तर तसेच राहते. चुंबक कालांतराने काहीसा दुर्बळ झाला तरी पटल संपृक्त असेपर्यंत कोनात फरक पडत नाही. आकारमान नव्हे तर दिशा मोजण्याचा हा मोठा लाभ आहे.

सेतूला ५ व्होल्ट दिले आणि चुंबकरोध २.५ टक्के धरला तर उत्पन्नाचे शिखर ६२.५ मिलीव्होल्ट येते. एका अंशामागे कमाल बदल सुमारे २.२ मिलीव्होल्ट. एका भुजेचा रोध केवळ ०.०८ टक्क्याने चुकला तरी उत्पन्नात १ मिलीव्होल्टचे विस्थापन येते आणि त्यातून जवळजवळ ०.४६ अंशांची त्रुटी उद्भवते. म्हणूनच समोरासमोरच्या भुजांच्या पट्ट्या तुकड्यावर एकमेकींत गुंफून बसवितात. पटलाची जाडी एका कडेकडून दुसरीकडे किंचित बदलली तरी तिचा परिणाम सर्व भुजांना सारखाच भोगावा लागतो. उरलेले विस्थापन प्रत्येक संवेदकासाठी स्वतंत्रपणे मोजून वजा करतात.

६. अनाहूत क्षेत्र : रचनेतील मुख्य प्रश्न

आता पुन्हा स्पर्शज्येच्या नियमाकडे वळता येईल. ४० मिलीटेस्लाच्या नियंत्रक क्षेत्रापुढे पृथ्वीचे ३८ मायक्रोटेस्ला क्षेत्र केवळ ०.०५ अंशांची त्रुटी आणते. कुलाब्याच्या निरीक्षकाला जे मोजावयाचे होते, ते येथे किरकोळ व्यत्यय ठरते. परंतु वाहनातील मोटरच्या तारेतून २०० अँपिअर प्रवाह जात असेल आणि ती तार संवेदकापासून ४ सेंटिमीटर अंतरावर असेल, तर अनाहूत क्षेत्र १ मिलीटेस्ला होते आणि त्रुटी १.४ अंशांपर्यंत पोचते. सुकाणूचा कोन सांगणाऱ्या संवेदकात एवढी चूक स्वीकारता येत नाही. शिवाय प्रवाह वाहनाच्या वेगानुसार व चढउतारानुसार बदलत असल्याने ती कायमची वजाही करता येत नाही.

कुलाब्याला जे शक्य नव्हते ते येथे शक्य आहे. रचनाकारापुढे चार मार्ग असतात.

पहिला मार्ग छेद वाढविण्याचा. चुंबक अधिक समर्थ घेऊन क्षेत्र ८० मिलीटेस्ला केले तर त्रुटी निम्मी होते. ए.एम.आर. पटल आधीच संपृक्त असल्याने त्याला अधिक क्षेत्राची अडचण नसते.

दुसरा मार्ग अंश कमी करण्याचा. जाणारी व येणारी तार एकमेकींपासून १ सेंटिमीटर अंतरावर नेली तर वरील उदाहरणातील क्षेत्र सुमारे ०.२५ मिलीटेस्ला उरते. ट्रामच्या रुळांतून झिरपणाऱ्या प्रवाहाने जे संतुलन बिघडविले होते, ते येथे जाणीवपूर्वक राखले जाते.

तिसरा मार्ग कवचाचा. चुंबक व पटल मृदू लोखंडी कवचात ठेवता येतात, कारण मोजावयाचे क्षेत्र कवचाच्या आतच निर्माण होते.

चौथा मार्ग भेदाचा. एकाहून अधिक संवेदक वेगवेगळ्या जागी बसवून त्यांच्या उत्पन्नांतील फरक घेतला, तर दूरच्या तारेचे जवळजवळ एकसमान क्षेत्र वजा होते आणि जवळच्या चुंबकाचे असमान क्षेत्र शिल्लक राहते.

७. जी.एम.आर. आणि टी.एम.आर. : अधिक लाभ, नवे बंधन

अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांच्या गटांनी १९८८ मध्ये शोधलेल्या महाचुंबकरोधासाठी, म्हणजे जी.एम.आर.साठी, त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉनांच्या सुरंगी संक्रमणावर आधारलेला टी.एम.आर. परिणाम सामान्य तापमानाला ठळकपणे १९९५ मध्ये दाखविण्यात आला. मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर वापरल्यापासून, म्हणजे २००४ नंतर, रोधातील बदल शेकडो टक्क्यांपर्यंत पोचला.

या दोन्ही प्रकारांत एक थर क्षेत्राबरोबर मोकळेपणाने फिरतो आणि दुसरा संदर्भथर एका दिशेला जखडलेला असतो. रोध या दोन थरांमधील कोनाच्या कोज्येवर अवलंबून असल्याने पूर्ण ३६० अंश मोजता येतात. परंतु संदर्भथर जखडण्याचे सामर्थ्य अमर्याद नसते. नियंत्रक क्षेत्र फार वाढविले तर संदर्भथरही किंचित वळतो आणि मापनाचा आधारच डळमळतो. म्हणजे अनाहूत क्षेत्राला दाबण्यासाठी छेद वाढवावा, तर संदर्भथर धोक्यात येतो. तो जपण्यासाठी छेद कमी ठेवावा, तर अनाहूत क्षेत्र डोके वर काढते. म्हणून अशा संवेदकास वापरण्यायोग्य क्षेत्राची खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. संकेत मोठा आहे एवढ्यावरून संवेदक अधिक अचूक आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी एक प्रयोग

गिरगाव, परळ, दादर या भागांतील महाविद्यालये रेल्वेमार्ग व वाहतुकीच्या रस्त्यांना लागून आहेत. मुंबईची उपनगरी रेल्वे १९२५ पासून १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत असे. २०१२ ते २०१६ या काळात तिचे २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर पूर्ण झाले. एकदिश प्रवाहाचे क्षेत्र सुईला ढकलू शकते. सेकंदाला ५० वेळा बदलणाऱ्या क्षेत्राबरोबर सुई हलू शकत नाही. लोखंडी टेबले, पंखे आणि इमारतीतील सळया मात्र आजही सुईचे प्रयोग बिघडवितात. हा व्यत्यय टाळण्याऐवजी त्यालाच अभ्यासाचा विषय करता येईल.

बाजारात मिळणारा दोन सेतूंचा ए.एम.आर. संवेदक, व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली चकती, कोनमापक तबकडी, ५ व्होल्टचा पुरवठा आणि दोन अंकीय मल्टिमीटर एवढी सामग्री पुरेशी आहे. चकती दर १० अंशांनी फिरवून ३६ वाचने घ्यावीत आणि एक उत्पन्न दुसऱ्याविरुद्ध आलेखावर मांडावे. वर्तुळाचा मध्य मूळ बिंदूपासून जितका ढळेल तितके सेतूचे विस्थापन. त्यानंतर संवेदकापासून १ सेंटिमीटर अंतरावरील तारेतून १० अँपिअर प्रवाह सोडावा. अनाहूत क्षेत्र ०.२ मिलीटेस्ला येते. चुंबकाचे क्षेत्र ४० मिलीटेस्ला असता त्रुटी सुमारे ०.३ अंश, तर चकती दूर नेऊन ते १० मिलीटेस्ला केले असता सुमारे १.१ अंश मिळावी. क्षेत्र घटले की पट्टीच्या आकाराची त्रुटीही वाढते. परंतु ती प्रवाहाची दिशा उलटविल्याने बदलत नाही. अनाहूत क्षेत्राची त्रुटी चिन्ह बदलते आणि फेऱ्यात एकदाच येते. या दोन त्रुटी वेगळ्या काढणे हेच या प्रयोगाचे खरे शिक्षण होय.

९. समारोप

चुंबकीय कोनमापनात अचूकता ही केवळ साधनाच्या सूक्ष्मतेवर अवलंबून नसते. मोजावयाच्या दिशेवर कोणत्या क्षेत्राचे वर्चस्व आहे यावर ती ठरते. कुलाब्यात हे वर्चस्व वाढविता येत नव्हते, म्हणून जागा बदलावी लागली आणि ती बदलताना दोन वर्षांच्या समांतर नोंदींनी मालिकेचे सातत्य राखले गेले. संवेदकाच्या रचनाकाराला जागा बदलता येत नाही, पण चुंबक, पट्टी, तारांची मांडणी आणि कवच त्याच्या हाती असते. १९०७ मध्ये विजेची ट्राम रस्त्यावर आणणाऱ्या कंपनीचा वारसा सांगणाऱ्या बेस्ट उपक्रमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरील दुमजली बस सुरू केली. अशा वाहनांत मोटरचा मोठा प्रवाह आणि कोन मोजणारे साधन काही सेंटिमीटरांच्या अंतरात नांदवावे लागतात. ते नांदविण्याचे शास्त्र शिकविण्यासाठी डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटरचा जुना प्रयोग अद्याप कालबाह्य झालेला नाही. त्याचे गुणोत्तर विद्यार्थ्यांपुढे नव्या प्रश्नासह मांडणे आवश्यक आहे.